ओल्या कुत्र्याचे सतरा राजीनामे

२ ऑगस्ट २०१६, मंगळवार

लोरेना गेली. सकाळी दात बनवायच्या कामावर, एका कवळीचा वरचा जबडा हातात असताना मोबाइल वाजला. "बॉस, सॉरी. शुक्रवारचं विमान आहे. आयर्लंडला मशरूमच्या कारखान्यात काम मिळालंय. तुम्ही खूप शिकवलंत." शेवटी एक लाल बदाम आणि एक हिरवं पान.

दहा सप्टेंबरला त्वर्जा किल्ल्याच्या चौकात आमच्या बँडचा तिसाव्या वर्षाचा जलसा आहे. अख्ख्या ओसियेकभर पोस्टरं लागलीत. पोस्टरवर सगळ्यात मोठी कोण? लोरेना, आमची गायिका. मी कोपऱ्यात, कीबोर्डमागं, अर्धा.

घरी येऊन ब्लाझेन्काला सांगितलं. ती वांग्याच्या साली काढत होती.

"किती झाले?" तिनं विचारलं.

"सतरा."

"तुला बरं पाठ आहे."

"त्यात तूही आहेस."

यावर ती उगाचच हसली. माझी बायको चौऱ्याण्णव-पंचाण्णवात आमची गायिका होती. बँड सोडला आणि पुढच्या वर्षी माझ्याशी लग्न केलं. एक पद सोडून वरच्या पदावर गेली, असं मी म्हणतो. ती काहीच म्हणत नाही.

डॉक्टरांनी रक्तदाबासाठी ही वही लिहायला सांगितली. "मनातलं कागदावर काढा, वेलिमीर," म्हणाले, "म्हणजे ते घरच्यांवर निघणार नाही." बघू.

४ ऑगस्ट, गुरुवार

नगरपालिकेच्या सांस्कृतिक खात्यातल्या मुलीचा फोन. पत्रकासाठी बँडचा इतिहास हवा आहे. एक पान. कोण कधी आलं, कोण का गेलं. मी म्हटलं, पान पुरणार नाही. ती म्हणाली, "काका, मग थोडक्यात."

थोडक्यात म्हणजे असं. छप्पन्न नव्हे, शहाऐंशी साल (चुकून लिहिलं, खोडत नाही). तांत्रिक शाळेमागच्या धुलाईघरात आम्ही चौघं. नेवा गायला, वात्रोस्लाव गिटारवर, इम्रे ड्रमवर, मी कीबोर्डवर आणि एकंदरीतच. पहिल्या दिवशी द्रावा नदीतून एक कुत्रं भिजून आत आलं आणि सगळ्यांच्या अंगावर पाणी झाडून गेलं. नेवा म्हणाली, हेच नाव. मोक्री पास. ओलं कुत्रं. मला गंभीर नाव हवं होतं, पण तीन विरुद्ध एक. तेव्हा मी मतदान होऊ देत असे.

दोन वर्षांत 'समुद्र पाठव' हे गाणं आलं. मुलगी सुट्टीत समुद्रावर गेलीय, मुलगा इथं सपाट मक्याच्या शेतात बसलाय, आणि तिला सांगतोय, पाकिटात घालून थोडा समुद्र पाठव. ओसियेकपासून समुद्र साडेचारशे किलोमीटर. इथल्या प्रत्येकाला ते गाणं स्वतःचं वाटलं. अजून लग्नात वाजतं.

वात्रोस्लाव सक्तीच्या लष्करी नोकरीला गेला, येताना ट्रंपेट घेऊन आला, आणि गिटार विसरला. गेला. नेवा एकोणनव्वदला गेली, तिला शिस्त सोसली नाही. रविवारी सकाळी सातला तालीम ठेवली तर माणसाचा खरा कस कळतो. इम्रे एक्क्याण्णवच्या शरदात, युद्ध पेटल्यावर, सीमेपलीकडं हंगेरीत गेला. गेला तो गेला. तिकडं पेचमध्ये त्यानं नवा बँड काढला, आमचीच गाणी, हंगेरियन शब्दांत. नाव काय ठेवलं? विझेश कुत्या. म्हणजे ओलं कुत्रं! नावसुद्धा भाषांतर करून चोरलं.

पुढचं लिहीत गेलो तसं पान भरलं. लग्नं, झाग्रेब, जर्मनी, एक जुळी मुलं, एक गळ्याची गाठ, दोघं कारण न सांगता, एक कारण फारच सविस्तर सांगून. त्यातल्या चौघांचे दात मी बनवलेत. तरी गेले.

विझेश कुत्यात मात्र पहिल्या दिवसाचे तेच चौघं चोवीस वर्षं आहेत. इतकी वर्षं कुणीच कुणाला सोडून जात नाही, याचा अर्थ त्यांच्यात कलात्मक ताणच नाही.

९ ऑगस्ट, मंगळवार

नव्या गायिकेसाठी चाचणी. क्रूनो, आमचा गिटारवाला, वय एकतीस, सहा वर्षं टिकलाय म्हणजे आमच्यात वयोवृद्धच. बास आणि ड्रमवर जुळे भाऊ आहेत. कोण कोणता ते मला अजून कळत नाही, म्हणून दोघांनाही "बेटा" म्हणतो.

तिघंजण आले. एका बाईला फक्त लग्नातली तंबुरीची गाणी येत होती आणि प्रत्येक गाण्यात वधू रडत होती. दुसरा वाहतूक पोलीस. आवाज चांगला, पण गाताना उजवा हात वर करून समोरच्याला थांबवायची सवय. तिसरी दुन्या नावाची मुलगी, पंचविशीतली, पोस्टात काम करते. तिच्यात काहीतरी होतं. मी तिला श्वासाबद्दल सांगितलं, उच्चार सांगितला, उभं कसं राहायचं ते सांगितलं, 'समुद्र' म्हणताना समुद्र दिसला पाहिजे हे सांगितलं. पहिल्या कडव्याच्या मध्यावर तिनं पर्स उचलली आणि गेली.

"मास्तर," क्रूनो म्हणाला, "तिला एक कडवं तरी संपवू द्यायचं."

"मी मदतच करत होतो."

"अकरा वेळा केलीत. आम्ही मोजत होतो."

ही आजची पिढी. गाण्यातले ठेके मोजता येत नाहीत, हे मोजतात.

१६ ऑगस्ट, मंगळवार

मोठं मन करून जुन्यांना फोन करायचं ठरवलं. पहिला नेवाला. ती आता जाकोवोला चष्म्याचं दुकान चालवते.

"नेवा, मी वेलिमीर. दहा सप्टेंबरला तू गाणार आहेस."

"बरी आहे मी वेल्या, विचारल्याबद्दल आभार. नवराही बरा आहे. नात झाली."

"अभिनंदन. तालमीला चार तारखेला, रविवारी, सकाळी सातला ये."

"सात! देवा, अजून सातच?" ती इतकी हसली की फोन दूर धरावा लागला. "चार तारखेला नाही जमायचं. जेवण आहे."

"कसलं जेवण?"

"जेवण रे. चमच्यानं खातात ते."

मग वात्रोस्लावला लावला. त्यालाही चार तारखेला जेवण. मग आमची चौथी गायिका, आता विन्कोव्चीला शिक्षिका. जेवण. दोन हजार दोनचा बासवाला, ज्याचा समोरचा दात मी बसवलाय. जेवण, आणि वर म्हणाला, "हो, दात छान चालतोय, माशाचे काटेसुद्धा..." आणि एकदम गप्प झाला.

चौघांनाही एकाच रविवारी जेवण! हा योगायोग नाही. विझेश कुत्याचंही पंचविसावं वर्ष जवळ आलंय. इम्रे माझी माणसं पळवतोय. जेवण घालून.

२१ ऑगस्ट, रविवार

तालीम. गायिका नसल्यानं क्रूनो गायला. त्याचा आवाज म्हणजे थंडीत सुरू न होणारा ट्रॅक्टर. संपल्यावर घाम पुसत म्हणाला, "मास्तर, काकू गात होत्या ना पूर्वी? त्यांना का नाही विचारत?"

मी सांगितलं, एकदा सोडून गेलेल्याला परत घ्यायचं नाही, असा आपला नियम आहे.

"मग नेवाबाईंना फोन केलात तो?"

"तो अपवाद होता."

नेमकी त्याच वेळी ब्लाझेन्का सगळ्यांसाठी लिंबूपाणी घेऊन दारात उभी. ट्रे ठेवला आणि गेली. संध्याकाळच्या घेवड्याच्या रश्श्यात इतकं मीठ होतं, की मलाच समुद्र पाठवल्यासारखं वाटलं. बायकांचा हात कधी कधी चुकतो.

२९ ऑगस्ट, सोमवार

ब्लाझेन्का रविवारी तिच्या बहिणीकडं बेली मनास्तीरला जाणार आहे. दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी जाते, सतरा वर्षं झाली, एकदाही चुकवलं नाही. असं बहिणींचं प्रेम दुर्मीळ. येते तेव्हा खुशीत असते, गाणं गुणगुणते, केसांना धुराचा आणि मिरचीचा वास असतो. बहिणीकडं गॅस आहे. विचारायचं दर वर्षी राहून जातं.

मला ते सोयीचंच आहे. ती नसेल त्या दिवशी मी गाडी घेऊन झ्मायेवात्सला जाणार. इम्रे पेचमध्ये वाजवतो, पण राहतो पुन्हा आपल्या गावी, बापजाद्यांच्या द्राक्षमळ्यात. सीमेच्या अलीकडं. म्हणजे आमच्याच देशात बसून हे उद्योग! जाऊन तोंडावर विचारतो.

पंचवीस वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. काय बोलायचं ते आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. दाढी करताना कापलं.

४ सप्टेंबर, रविवार

हे नीट लिहायला हवं.

साडेअकराला झ्मायेवात्सला पोचलो. दारूच्या तळघरांच्या गल्लीत गाडी लावली. इम्रेच्या अंगणातून धूर येत होता, आणि गाण्याचा आवाज. 'समुद्र पाठव'. पण काय गात होते! तीन आवाजांत, एक वर, एक खाली, मधे कुणीतरी ट्रंपेट धरलेला. तीस वर्षांत माझ्या बँडनं हे गाणं इतकं सुरेख म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. फाटकाशी उभा राहून मी कडवं पुरं होऊ दिलं. दुसऱ्याच्या गाण्यात मी कधी इतका वेळ थांबलो नसेन.

मग फाटक ढकललं.

अक्रोडाच्या झाडाखाली लांब टेबल. वात्रोस्लाव. चौथी गायिका. तिच्याच गावचे आमचे आणखी तिघं जुने वादक. दातवाला. दोन हजार आठचे दोघं ड्रमवाले, जे एकमेकांमुळं गेले होते, ते खांद्याला खांदा लावून कुलेन सॉसेजच्या चकत्या कापत होते. बारा-तेरा जण. तिपाईला टांगलेल्या हंडीत माशांचा लालभडक रस्सा उकळत होता. तो डावेनं ढवळायचा नसतो, मासे मोडतात; हंडीच कानाला धरून फिरवावी लागते. ती फिरवत होती माझी बायको.

गाणं थांबलं. रस्सा तेवढा उकळत राहिला.

"हे बेली मनास्तीर का?" मी विचारलं.

"नाही," ब्लाझेन्का म्हणाली, आणि हंडी फिरवत राहिली. "इथून वीस किलोमीटर."

नेवा उठली. केस पांढरे झालेत, बाकी तीच. "ये वेल्या. म्हणजे, येऊ नकोस. म्हणजे, अवघड आहे रे. नियम आहे आमचा."

"कसला नियम?"

"इथं बँड सोडलेलेच येतात," वात्रोस्लाव म्हणाला. "दुसरी काही अट नाही. आवाज गेला तरी चालतो. माझं बघ."

"म्हणजे सतरा वर्षं तुम्ही इथं बसून मला शिव्या देता?"

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पहिला तास," दातवाला प्रामाणिकपणे म्हणाला. "मग गातो."

"काय गाता?"

"तुझीच गाणी," नेवा म्हणाली. "दुसरी कुणाची येतात आपल्याला?"

तेवढ्यात तळघरातून इम्रे वर आला. हातात वाइनचा काचेचा घडा, अंगात निळा ॲप्रन, मिशा पांढऱ्या. मला बघून थांबला. मी आरशासमोर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. चोरी, भाषांतर, माणसं पळवणं. तो ऐकून घेत होता. मी म्हणालो, "बँड सोडून जायचं तर जायचं, पण..."

"मी सोडला नाही," इम्रे म्हणाला.

"काय?"

"ह्या अंगणात खरं तर मीच नियमात बसत नाही. घर माझं म्हणून चालवून घेतात." घडा त्यानं सावकाश टेबलावर ठेवला. "मी सोडला नाही, वेल्या. तू काढलंस. रेडिओवरून. आम्ही सीमेपलीकडं मोहाचला एका शाळेच्या व्यायामशाळेत होतो, शंभर माणसं गाद्यांवर. आईनं ओसियेक लावलं होतं, आपलं शहर उभं आहे का ऐकायला. तर तू बोलत होतास."

मी म्हणालो, मला आठवत नाही. तेव्हा मला खरंच आठवत नव्हतं. मोटार सुरू केली तेव्हा आठवलं.

मी न जेवता परत आलो. ब्लाझेन्का थांब म्हणाली नाही. पण वाटेत एक झाकलेली बरणी मागच्या सीटवर सापडली. कधी ठेवली कुणास ठाऊक. रस्सा अजून गरम होता. मी खाल्ला नाही.

खाल्ला. सगळा.

५ सप्टेंबर, सोमवार

दोन जबडे, दातांचा एक पूल.

७ सप्टेंबर, बुधवार

क्रूनोनं विचारलं, शनिवारी गाणार कोण? मी म्हटलं, जलसा रद्द. तो म्हणाला, "तुम्ही रद्द करा, आम्ही वाजवतोय." मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी ब्लाझेन्का समोर बसली. आपण होऊन बोलली.

"तुला राग कशाचा आलाय? मी खोटं बोलले त्याचा, की तुला बोलावलं नाही त्याचा?"

"खोटं बोललीस त्याचा."

"बरं."

थोड्या वेळानं मी म्हणालो, "बोलावलं नाही त्याचा."

"सोळा जणांनी राजीनामे दिले, वेल्या. ते तुला पाठ आहेत. सतराव्याला तू हाकललंस, ते विसरलास."

मला आता सगळं आठवतंय, म्हणून लिहितो. एक्क्याण्णवचा ऑक्टोबर. आम्ही तळघरात. वर तोफा. रेडिओवाल्यांनी शहरातल्या कलावंतांना बोलायला बोलावलं, धीर द्यायला. मला घेऊन गेले, भिंतीला धरून धरून. आणि निवेदकानं विचारलं, तुमचा बँड कुठं आहे? मी काय सांगायला हवं होतं? की विखुरलाय. मी म्हणालो, "आमचा ड्रमर पळून गेला. पळपुट्यांना ओल्या कुत्र्यात जागा नाही." निवेदकाला ते आवडलं. मलाही आवडलं. परत खाली तळघरात आलो तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाच वर्षांनी मला पहिल्यांदा एकट्याला टाळ्या मिळाल्या होत्या.

इम्रेच्या गावात तेव्हा रणगाडे होते.

"मग मी काय करू?" मी ब्लाझेन्काला विचारलं.

"मला काय विचारतोस? मी बँड सोडलाय."

९ सप्टेंबर, शुक्रवार

उद्याच्या जलशाची जाहिरात म्हणून सकाळी रेडिओवर मुलाखत होती. निवेदिका गोड मुलगी, एक्क्याण्णवला जन्मलीही नसेल. विचारलं, "इतकी माणसं आली नि गेली, काही खास आठवण?"

मी म्हणालो, "एक्क्याण्णव साली याच रेडिओवर मी आमच्या ड्रमरला पळपुटा म्हणालो होतो. त्याचं नाव इम्रे बालोग. तो पळाला नव्हता. त्याच्या गावात फौज शिरली होती आणि घरात आई होती. मी तळघरात होतो, मला भीती वाटत होती, आणि त्याला जायला जागा होती याचा मला राग आला होता. माझं ते वाक्य मी परत घेतो. पंचवीस वर्षं उशीर झालाय, पण मी नेहमी ठेक्याच्या मागंच असतो, हे तो ड्रमर असल्यानं त्याला ठाऊक आहे."

मुलगी तीन सेकंद गप्प. रेडिओवर तीन सेकंद म्हणजे फार. मग म्हणाली, "आणि आता हवामान. उद्या कोरडं राहील."

तिथून घरी निघालो. ट्राममध्ये एका अनोळखी म्हातारीनं मला बसायला जागा दिली. तिनं ऐकलं होतं की मी फक्त तसा दिसत होतो, कळलं नाही.

दुपारी एक-एक करून फोन केले. "नेवा, तू कशी आहेस? नातीचं नाव काय?" ती म्हणाली, "आजारी आहेस का तू?" मग मी विचारलं, उद्या गाशील का. ती म्हणाली, "विचारलंस, म्हणून येते." घरातल्या घरात ब्लाझेन्कालाही विचारलं. ती इस्त्री करत होती. "विचार करते," म्हणाली. इस्त्री ज्या कपड्यावर चालली होती तो चौऱ्याण्णवचा चांदीरंगी झगा होता.

इम्रेला केला नाही. हिंमत झाली नाही.

११ सप्टेंबर, रविवार

काल काय झालं!

चौक भरला होता. क्रूनोनं दुन्याला आणलं होतं, पोस्टातली ती. कळलं की ती गेले तीन आठवडे जुळ्यांच्या गॅरेजमध्ये यांच्याबरोबर रोज तालीम करत होती. मला कुणी सांगितलं नाही. मी असतो तर ती एवढी गाणी पुरी शिकलीच नसती, असं क्रूनोचं म्हणणं. मी वाद घातला नाही. तिघी गायल्या. नेवा, दुन्या आणि मधे चांदीरंगी झग्यात माझी बायको. झगा पाठीवर बंद होत नव्हता, पण तिनं प्रेक्षकांकडं पाठ केलीच नाही.

'समुद्र पाठव'च्या आधी जुळ्यांपैकी ड्रमवरचा बेटा उठून बाजूला झाला. मागच्या अंधारातून इम्रे आला आणि स्टुलावर बसला. उंची जुळवून घेतली. माझ्याकडं बघून काड्यांनी चार ठोके दिले. मी पाचव्यावर सुरू करायचं, सहाव्यावर केलं. तो हसला. पहिलं कडवं आमच्या भाषेत झालं, दुसरं त्यानं हंगेरियनमध्ये उचललं आणि बाकीच्यांनी आपलंच धरून ठेवलं, त्यामुळं चौकात दोन भाषांची भांडी एकदम पडल्यासारखा आवाज झाला. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. पहिल्या रांगेत इम्रेच्या बारान्या भागातून आलेल्या म्हाताऱ्या हंगेरियन बायका उभ्या राहून गात होत्या. सांस्कृतिक खात्यातली मुलगी रडत होती. मला कीबोर्डच्या पट्ट्या नीट दिसत नव्हत्या, पण पाठ होतं.

संपल्यावर मंडपामागं सगळे जमले. नेवा खुर्चीवर चढली.

"ठराव मांडते. वेलिमीर याला ओल्या कुत्र्यातून काढून टाकण्यात यावं. बाजूनं कोण?"

सगळे हात वर. क्रूनो, जुळे, दुन्यासुद्धा, जिला बँडमध्ये अधिकृतपणे येऊन तासही झाला नव्हता. ब्लाझेन्कानं दोन्ही हात वर केले आणि झगा पाठीवर टर्रकन फाटला.

"विरुद्ध?"

मीच हात वर केला. मग बघितलं, सगळे माझ्याकडं कसे बघताहेत ते. खाली घेतला.

"एकमतानं मंजूर," नेवा म्हणाली. "पुढच्या वर्षी कांदे तू सोलायचे. नव्या माणसाचं काम असतं."

१८ सप्टेंबर, रविवार

इम्रेकडं द्राक्षतोडणीला गेलो होतो, मी आणि ब्लाझेन्का. सकाळी सातला. वेळ इम्रेनं ठेवली होती, मी नाही.

एकाच ओळीत, वेलाच्या दोन बाजूंनी मी आणि इम्रे. तास-दीड तासात दोन टोपल्या भरल्या. मग मी विचारलं, "तुझे शब्द काय आहेत रे? 'समुद्र पाठव'चे. मला हंगेरियन येत नाही. समुद्रच आहे का त्यात?"

"हंगेरीत समुद्र कुठंय? लोक हसले असते." त्यानं एक घड टोपलीत टाकला. "माझ्यात पत्र आहे. मुलगा पत्र पाठवतो मित्राला. नदीच्या पलीकडच्या. सांगतो, तुझं गाणं घेतो, चालेल ना? राग गेला असला तर एक ओळ पाठव. दुसऱ्या कडव्यात उत्तर येत नाही. तिसऱ्यात तो पोस्टमनला शिव्या देतो, की आळशी आहे, दारू पितो, पत्रं नदीत टाकतो."

माझी कात्री थांबली. एक गोष्ट मी या वहीतही लिहिली नव्हती. ब्याण्णवच्या जानेवारीत हंगेरीच्या तिकिटाचं एक पाकीट आलं होतं. अक्षर ओळखीचं होतं. मी ते फोडलं नाही. तळघरातल्या शेगडीत घातलं.

"इम्रे," मी म्हणालो, "पोस्टमननं आणून दिलं होतं."

वेलाच्या पलीकडं तो थोडा वेळ दिसेना, फक्त पानं हलत होती.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "नेवानं मला केव्हाच सांगितलं. तिला ब्लाझेन्कानं. बायकोशेजारी तू झोपेत बोललास म्हणे."

"मग चोवीस वर्षं त्या बिचाऱ्या पोस्टमनला का शिव्या देतोस?"

पानांतून त्याच्या मिशा वर आल्या.

"तुला दिल्या असत्या तर गाणं रडकं झालं असतं," इम्रे म्हणाला. "पोस्टमनवर लोक नाचतात."